कोड कोणी सांगितला

पाच संगणक, तीन प्रिंटर, आठ माणसं, सगळ्यांत मिळून एक मोबाईल आणि पासवर्डही एकच. जुईलीने पहिल्या दिवशी ही मोजदाद केली, तेव्हा तो पासवर्ड पाचही पडद्यांच्या कडेला चिकटपट्टीने लावलेला होता. दुसऱ्या दिवशी तिने चिठ्ठ्या काढून टाकल्या. तिसऱ्या दिवशी त्या जागच्या जागी होत्या, फक्त लॅमिनेट करून.

जठारपेठेतली ही पॅथॉलॉजी लॅब डॉ. हरिहर पिंपळखुटे यांची. जुईली इथे संगणक सांभाळायला नव्याने लागलेली, अमरावतीची, भौतिकशास्त्राची बी.एस्सी. रोज बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला यायची आणि डब्यात माहिती-सुरक्षेच्या पहिल्या परीक्षेचा अभ्यास करायची. पुस्तकात लिहिलं होतं की ओळख पटवायला एक गोष्ट पुरत नाही. माणसाला ठाऊक असलेलं काहीतरी हवं आणि त्याच्याजवळ असलेलंही काहीतरी हवं. लॅबमध्ये पहिलं सगळ्यांना ठाऊक होतं, आणि दुसरं रोज ओरडून सांगितलं जात होतं.

रुग्णाचा अहवाल उघडायचा तर सहा आकडी कोड लागे. तो लॅबच्या मोबाईलवर येई. मोबाईल काउंटरवर बसणाऱ्या प्रणालीच्या ड्रॉवरमध्ये. संगणक हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणून प्रणाली बसल्या जागेवरून हाळी द्यायची, “सदतीस, एकवीस, शून्य आठ,” आणि तिकडे अमोल ते आकडे टाकायचा. बाकांवर बसलेल्या रुग्णांपैकी एखादा हौसेने “शून्य आठ” म्हणून दुजोराही द्यायचा.

“अगं, हा कोड दुसऱ्या कोणाला कळू द्यायचा नसतो,” जुईली म्हणाली.

“मंग हळू सांगू का? अमोलभौले आयकू येत नाही.”

“उठून जाऊन सांग.”

“आन् काउंटरवर कोन बसन? तुमी?”

मे महिन्यात व्हायचं ते झालं. चांदूर रेल्वेच्या, लग्न ठरलेल्या एका मुलीने सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी करून घेतली होती. एका दुपारी तिचा मामा म्हणवणारा माणूस आला आणि अहवालाची प्रत घेऊन गेला. तो मामा नव्हता, मुलाकडचा होता. लग्न मोडलं. मुलीचे वडील येऊन डॉक्टरांच्या केबिनमध्ये नुसते बसून राहिले, पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

प्रत अमोलने काढली होती. “मले आवाज आला, मी कोड टाकला,” तो म्हणाला. “रोजचंच हाय ते.”

“मी नाही सांगितला,” प्रणाली म्हणाली. “मी तवा पान्याची कॅन आनायले गेली होती.”

कॅमेऱ्यात काउंटरची खुर्ची रिकामी दिसत होती. मोबाईल ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, किल्ली प्रणालीच्या ओढणीला. डॉक्टरांचं मत मात्र आधीच ठरलेलं होतं.

“जायच्या आधी पाहून ठेवला असेल.”

“सर, अहवाल मागितल्याशिवाय कोड तयारच होत नाही.”

“मग बाहेरून ओरडली असेल. कोड सांगायचं काम तिचं. शनिवारी तिचा हिशोब करतो. तोवर दुसरं काही सापडलं तर सांगा.”

जुईलीला डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. तिने लॅबचा मोबाईल बंद करून डॉक्टरांच्या कपाटात ठेवायला लावला आणि कोड फक्त स्वतःच्या फोनवर येईल अशी व्यवस्था केली. ती स्वतः उठायची, हॉल ओलांडायची, अमोलच्या कानाशी आकडे सांगायची आणि परत यायची. अमोल तिला “चालत्या-फिरत्या ओटीपी मॅडम” म्हणू लागला. तिला हसू आलं नाही.

गुरुवारी दुपारी ती डॉक्टरांच्या केबिनमध्ये उभी राहून वेगवेगळे पासवर्ड कशाला हवेत ते तिसऱ्यांदा समजावत होती. फोन तिच्या खिशात होता. हॉलमध्ये कूलर घरघरत होता. त्या घरघरीतून आवाज आला, स्वच्छ, न ओरडता.

“अठ्ठ्याण्णव, चौदा, साठ.”

“साठ,” बाकावरचे एक आजोबा म्हणाले.

अमोलची बोटं चालली. प्रिंटर सुरू झाला.

जुईलीने खिशातून फोन काढला. ९८१४६०.

“प्रणाली!” डॉक्टर ओरडले.

“मी इथंच हाय, सर.” ती केबिनच्या दारात बिलं घेऊन उभी होती.

कुठेतरी स्पीकर लपवला असणार, असं डॉक्टरांनी ठरवलं. कूलर उघडला, ड्रॉवर उपसले, शिपाई पुंजारामला स्टुलावर चढवून छताच्या फळ्याही काढायला लावल्या. धुळीशिवाय काही निघालं नाही.

“भरून ठेवलेल्या आवाजाला आत्ताचा कोड कसा कळेल, सर?”

“ते तुम्ही शोधा. शिकून राहिल्या ना तुम्ही?”

तिने अमोलला विचारलं, आवाज कसा होता. “रोजच्यापेक्षा बारीक,” तो म्हणाला आणि पडद्याकडे बघू लागला. रक्ताचे नमुने घेणाऱ्या दीपमालाने मान वर करून जुईलीकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि पुन्हा नळ्यांवर नावं चिकटवू लागली. जुईलीला तो आवाज अनोळखी वाटला होता. किंचित नाकातला. आवडला नव्हता.

प्रत्येक आवाजाला आपली उंची असते, सेकंदाला अमुक इतकी कंपनं, आणि ती मोजता येते. कॉलेजात तिने नादकाट्यांची कंपनं मोजली होती. शुक्रवारी सकाळीच तिने हॉलच्या मध्यावर रेकॉर्डर सुरू करून ठेवला.

दुपारी आवाज आला. “बावीस, सत्तर, पंचेचाळीस.” तेव्हा जुईली केबिनमध्ये डॉक्टरांसमोर पाण्याची बाटली तोंडाला लावून पीत होती.

फोनवर कोड तोच होता.

या वेळी अमोलने कळफलकाला हात लावला नाही. हात मांडीखाली घेऊन बसला.

रुग्ण गेल्यावर डॉक्टरांनी दार लावून घेतलं. कूलर बंद केला. रेकॉर्डरमधल्या आवाजाची उंची संगणकावर निघाली दोनशे एकतीस हर्ट्झ.

प्रणालीने तेच आकडे रेकॉर्डरपुढे तीनदा म्हटले. एकशे अठ्ठ्याऐंशी, एकशे नव्वद, एकशे अठ्ठ्याऐंशी.

“ही नाही,” जुईली म्हणाली.

डॉक्टरांनी पडद्यावरचे आकडे पुन्हा वाचले. “नाही,” ते म्हणाले. “उद्या नेहमीच्या वेळेवर ये, प्रणाली.”

प्रणाली खुर्चीत बसली आणि ओढणीने तोंड पुसत राहिली. “मॅडम, तुमी होत्या म्हनून,” एवढंच म्हणाली.

“आता बाकीच्यांचं घ्या,” डॉक्टर म्हणाले. “कोणाला सोडू नका.”

अमोल एकशे एकोणीस. पुंजाराम एकशे चार. दीपमाला दोनशे सहा. एकेक जण येऊन आकडे म्हणून गेला. उरलेल्या दोघांचंही जुळलं नाही. डॉक्टरांनी स्वतःचा आवाजही दिला.

“कोण राहिलं?” त्यांनी विचारलं.

दीपमाला जुईलीकडे पाहत नव्हती.

जुईलीने रेकॉर्डर जवळ ओढला. बावीस, सत्तर, पंचेचाळीस. तिने तीनदा, सावकाश म्हटलं.

दोनशे एकतीस. दोनशे एकतीस. दोनशे एकतीस.