परवाना बायकोच्या नावावर

ही गोष्ट २०६८ सालची, शिरवळची. नीरेच्या काठचे ते गाव तोवर गाव राहिले नव्हते. महामार्गाच्या दोन्ही अंगांना तीस-तीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांच्या प्रत्येक खांबात, प्रत्येक स्लॅबमध्ये स्पर्शकण होते.

स्पर्शकण म्हणजे मोहरीएवढा दाणा. तो काँक्रीटमध्येच कालवत. झेपेल त्यापेक्षा जास्त भार आला की त्याला ते कळे आणि मोबाइलच्या मनोऱ्यांवरून तो संदेश धाडी. इतके तर जुनेच होते. नवे होते ते पुढचे. हा संदेश कुठल्या पडद्यावर उमटत नसे, कुठे साठवला जात नसे. ठेकेदाराच्या मणक्यात एक बीज बसवलेले असे, तिथे तो पोहोचे आणि दुखणे होऊन अंगात पसरे. इमारतीला जे सोसत नाही ते परवानाधारकालाही सोसू नये, इतका सरळ हिशेब होता.

डॉ. तेजश्री पोंक्षे यांनी हे वेदनाबीज शोधले ते वैतागून. सुरक्षेच्या नियमांचा तोटा कधीच नव्हता. ज्यांनी ते जुने दिवस पाहिले आहेत त्यांना आठवत असेल: हेल्मेटे गोणीत भरून ठेवलेली असत. अधिकाऱ्याची गाडी फाटकात वळली की गोणी उपडी होई आणि गाडी गेली की पुन्हा भरली जाई. पडणाऱ्याला झेलायची जाळी फोटोपुरती बांधत आणि दुसऱ्या साइटच्या फोटोसाठी सोडून नेत. दरवर्षी सुरक्षा सप्ताह होई. शपथ होई, नारळ फुटे, वडापाव वाटले जात. सप्ताह संपला की माणसे पुन्हा पडू लागत.

"फोटो खोटा काढता येतो, अहवाल खोटा लिहिता येतो," पोंक्षेबाई विधिमंडळाच्या समितीपुढे म्हणाल्या होत्या. "पण स्वतःची पाठ दुखत असताना माणूस गप्प बसत नाही. तो उठून काहीतरी करतोच."

समितीने माना डोलावल्या. कायदा झाला. लोक त्याला दुखणे-कायदा म्हणू लागले. पोंक्षेबाई हुशार होत्या, पण परवाने कुणाच्या नावावर आहेत, एवढे एक त्यांनी विचारले नव्हते.

बिल्डर काम मोठ्या ठेकेदाराला देतो. मोठा ठेकेदार त्याचे तुकडे करून लहानांना वाटतो. त्या लहानांना पेटी ठेकेदार म्हणतात. महिला उद्योजकांना परवान्यात सवलत होती, म्हणून शिरवळचे बहुतेक सगळे पेटी ठेकेदार कागदोपत्री बायका होत्या. सरपंच बायको आणि कारभार नवऱ्याचा, ही आपली जुनी कला. ती ग्रामपंचायतीतून उठून बाराव्या मजल्यावर गेली, एवढेच.

विहान गव्हाणे सेंटरिंगची कामे घेई. ओल्या काँक्रीटखाली फळ्या आणि लोखंडी टेकू उभे करायचे, स्लॅब पक्का झाला की काढायचे, ते हे काम. परवाना ईश्वरी गव्हाणे हिच्या नावावर होता. बीज परवानाधारकालाच बसवायचे, ही बातमी घेऊन साहिल बुधकर त्यांच्या घरी आला. तो नियममित्र होता. पेटी ठेकेदारांना सुरक्षेचे नियम पाळायला मदत करण्यासाठी सरकारने ही जमात निर्माण केली होती. नियम कुठवर मोडला तर चालतो, हे सांगण्यात या जमातीचा हात कुणी धरू शकत नसे.

"सही कुठं करायची ते दाखवा," ईश्वरी हात पुसत बाहेर येऊन म्हणाली. "कुकर लागलाय माझा."

"वहिनी, या खेपेला सही नाही. इंजेक्शन आहे."

"कसलं?"

"काही नाही गं," विहान म्हणाला. "लसीसारखं असतं. सगळ्यांच्या बायका घेतायत."

"आणि तुम्ही?"

"माझ्या नावावर आहे का परवाना?" विहानने बुधकरकडे बघून डोळा मारला, आणि दोघेही हसले.

बीज बसले. आठवडाभरात ते हाडाशी एकजीव होते, मग निघत नाही.

पहिले काही महिने किरकोळ गेले. कधी मांडी भरून येई, कधी खुब्यात चमक भरे. कुठे दुखले की साइटवर कुठे काय बिघडले, हे तिला हळूहळू उमगू लागले. मग बाराव्या मजल्याचा स्लॅब टाकायचा दिवस उजाडला. स्लॅबच्या दिवशी ठेकेदाराच्या घरचे जेवण मजुरांना जाते, ही शिरवळची रीत. ईश्वरी सकाळपासून मटणाच्या पातेल्याशी उभी होती. डबे भरून गेले आणि थोड्याच वेळात तिच्या कमरेच्या वर कुणीतरी पहार घालून उचकटावे तशी कळ आली. ओट्याला धरून तिने विहानला फोन लावला.

"अकराव्याचे टेकू काढलेत का तुम्ही?"

"तुला कुणी सांगितलं?"

"काढलेत का?"

"बाराव्याला कमी पडत होते, काढले. होतंय काय त्याला?"

होत काय होते ते विहानला चांगले ठाऊक होते. अकराव्याचा स्लॅब अजून कच्चा होता, आणि त्याच्या खालचे टेकू काढून त्याच्याच डोक्यावर बाराव्याचे ओले काँक्रीट ओतणे चालू होते.

"टेकू परत लावा. माझी पाठ तुटायला आलीय."

"सकाळपासून उभी आहेस, पाठ दुखणारच. जरा पड."

"अहो, उभं राहून दुखतं ते मला माहीत आहे. हे तसलं नाही."

"तुला काय कळतंय सेंटरिंगमधलं?"

"मला कळत नाही. मला दुखतंय."

विहानने फोन बुधकरकडे दिला. बुधकर साइटवरच होता. स्लॅबच्या दिवशीचे मटण तो कधी चुकवत नसे.

"वहिनी, एक गोळी घ्या आणि पडा. गोळी घेणं नियमात बसतं. बीज काढायलाच तेवढी बंदी आहे."

ईश्वरीने गोळी घेतली नाही. तिने पोंक्षेबाईंच्या संस्थेचा नंबर शोधला. बाई स्वतःच फोनवर आल्या. त्यांना आनंदच झाला. परवानाधारकाने आपण होऊन केलेला तो पहिला फोन होता.

"कमरेच्या वर, मधोमध? मग तो अकराव्याचा स्लॅब आहे. तुमचं दुखणं म्हणजेच त्याचं दुखणं. यात चूक असूच शकत नाही."

"मग काम थांबवा ना, मॅडम. खाली माणसं आहेत."

"मला तो अधिकार नाही. कायद्याने तो फक्त परवानाधारकाला आहे."

"म्हणजे कुणाला?"

"तुम्हालाच," पोंक्षेबाई म्हणाल्या. "तुम्ही थांबवा म्हणालात की काम थांबतं. तशी तरतूद मी मुद्दाम करून घेतली आहे."

ईश्वरी रिक्षा करून साइटवर गेली. रिक्षातून उतरताना तिला सरळ होता येईना. अकराव्या मजल्यावर काढलेल्या फळ्या रचणारे तिघे तिला नावाने माहीत होते: दुलाल, बिरसा आणि त्याचा मेव्हणा मंगरू. बिरसा तिखट खात नसे म्हणून त्याचा रस्सा तिने वेगळा काढला होता.

"काम थांबवा," ती फाटकातच मुकादमाला म्हणाली. "वरची माणसं खाली बोलवा. परवाना माझा आहे, मी सांगतेय."

मुकादम भला माणूस होता. त्याने तिचा शब्द खाली पडू दिला नाही. "अरे, मालकीणबाई आल्यात, खुर्ची आणा," तो ओरडला. "पाणी आणा आधी. वहिनी, बसा. शेठला बोलावतो."

"शेठला नको. त्या तिघांना बोलवा."

"होय, होय. आधी बसा तर. चेहरा बघा किती उतरलाय."

खुर्ची आली, पाणी आले, चहाही आला. विहान लिफ्टने खाली आला आणि चार माणसांत तमाशा नको म्हणून हसत हसत तिच्याकडे चालू लागला. त्याच्या मागे बुधकर दात कोरत येत होता.

आणि ईश्वरीची पाठ दुखायची एकदम थांबली. सकाळपासूनची कळ कुणी हाताने पुसून टाकावी तशी नाहीशी झाली. अंग हलके झाले. तिने सुटकेचा श्वास घेतला.

आवाज त्यानंतर आला. स्लॅब मोडला की त्याच्यावर भार उरत नाही, आणि संदेश आवाजापेक्षा वेगाने जातो. पुढे कोर्टात काय झाले, तुरुंगात काय झाले, हे ईश्वरी सांगत असे. आपल्याला त्या क्षणी बरे वाटले होते, हे मात्र तिने फक्त आपल्या आईला सांगितले.

तिघेही गेले. चौकशी समिती बसली. पोंक्षेबाईंचे तंत्र निर्दोष ठरले. संदेश अचूक गेला होता आणि अचूक पोहोचला होता. माणूस दुखण्याकडे काणाडोळा करू शकत नाही, हा सिद्धांतही खरा होता. मात्र ते दुखणे त्याचे स्वतःचे हवे. घरातल्या बाईच्या पाठीकडे काणाडोळा करायला या मुलखात कुणाला शिकवावे लागत नाही.

मग नियम बदलला. परवाना कुणाच्याही नावावर असो, बीज प्रत्यक्ष काम करून घेणाऱ्याच्याच मणक्यात बसू लागले. पहिल्या आठवड्यातच जिल्ह्यातली निम्म्याहून जास्त कामे थांबली. एका टेकूला बाक आला की धडधाकट ठेकेदार आईगं करत साइटवर धावू लागले. जाळ्या लागल्या, हेल्मेटे डोक्यावर चढली, स्लॅब पुरते पिकू लागले. त्या सहा महिन्यांत जिल्ह्यात एकही मजूर पडला नाही.

सहा महिन्यांनी नियम मागे घेतला गेला. माणसाला असल्या यातना देणे अमानुष आहे, यावर सभागृहात सर्व पक्षांचे एकमत झाले. बीज पुन्हा परवानाधारकाच्या मणक्यात बसू लागले.

डॉ. पोंक्षे यांना मोठा सन्मान मिळाला. त्यांनी तो घेतला आणि त्यानंतर नवे काही शोधले नाही. बुधकर नियममित्रांना शिकवणाऱ्या संस्थेचा संचालक होऊन निवृत्त झाला. विहान ठेकेदार संघटनेचा अध्यक्ष झाला. त्याचा पुढचा परवाना त्याच्या भावजयीच्या नावावर होता.

शिक्षा ईश्वरीला झाली, कारण परवाना तिचा होता. सुटून आल्यावर ती भोरजवळ माहेरी राहिली. तो स्लॅब नव्याने टाकून इमारत पुरी झाली आणि तिथे आता दोनशेवर कुटुंबे राहतात. बीज निघत नसल्यामुळे त्या सगळ्यांचा भार ईश्वरीला कळतो. गच्चीवरची टाकी भरली की तिच्या मानेला कळते.

गेल्या वर्षापासून तिचे गुडघे दुखतात. गुडघे म्हणजे तळमजल्याचे खांब. ती दर आठवड्याला त्या सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन करते. तो सुसंस्कृत माणूस आहे, सगळे ऐकून घेतो.

"आजी," तो म्हणतो, "या वयात गुडघे दुखायचेच. माझ्या आईचेही दुखतात."

मग तो तिला एका तेलाचे नाव सांगतो आणि फोन ठेवतो.