नेत्राच्या आईचा तास

कुणा दुसऱ्याच्या पोराने तासाला दांडी मारली, म्हणून वरद मास्तर आमच्या वाट्याला आला. नाहीतर कुठे त्याची श्रीवर्धनची सुपारीची वाडी आणि कुठे आमचं उरण, दारावरून दिवसरात्र ट्रेलर धावणारं.

नेत्रा माझी नात, सहा वर्षांची. तिच्यासाठी भाविकाने विजेवरचा पियानो घेतला आणि फोनवर शिकवणारा कुणी मिळतो का ते बघत बसली. भाविका माझी सून. माझा लेक प्रज्योत गेला तेव्हा नेत्रा रांगत होती. तेव्हापासून भाविका हसायची ती लेकीपुरती, तेही जपून.

त्या दिवशी फोनात एक चष्म्याचं तोंड उमटलं आणि म्हणालं, एक मुलगा आला नाही, तुम्हाला आत्ताच चालेल का? भाविका गडबडली. ओले हात ओढणीला पुसले… आणि बसली.

मास्तराने पहिल्याच दिवशी बजावलं, एवढ्या लहान पोरांना मी एकटा शिकवू शकत नाही. मी आठवड्यातून एकदा, बाकीचे दिवस आईनेच शिकवायचं. तेव्हा आधी आईने शिकायचं. आणि तोंडं दिसली नाहीत तरी चालेल, बोटं दिसली पाहिजेत. मग भाविकाने फोन खिडकीच्या गजाला बांधून खाली वाकवला. त्यानेही आपला तसाच ठेवला. झालं… इकडे मायलेकींचे हात, तिकडे त्याचे, आणि तोंड कुणालाच नाही.

मी शेजारी तांदूळ निवडत बसायची. कान आहेत मला.

"नेत्राच्या आई, करंगळी घाबरते तुमची."

"तुमचा अंगठा काळा का दिसतो, सर?"

"सुपारी सोलली आज. तुमच्या नखांत हिरवं काय आहे?"

"वालाच्या शेंगा."

"म्हणजे आज पोपटीचं मडकं लागणार."

"म्हणजे आज अभ्यास, सर."

नेत्रा बिचारी मध्ये बसून दोघांच्या हातांकडे बघायची.

पावसाळ्यात तर कमालच. त्याच्याकडे पावसाची सर आली की आधी फोनातून ऐकू यायची, मग मागाहून आमच्या पत्र्यावर. दोघं वाजवायचं थांबायचे. म्हणायचे, आवाज नीट येत नाही. येत नाही ना, मग ठेवा फोन. पण ठेवत कुणीच नव्हतं.

बुधवारी तास. बुधवारी दुपारपासून भाविका हात धुवायची, खोबरेल चोळायची, नखं बघायची, हिरव्या बांगड्या पुसून लख्ख करायची. तोंडाला मात्र पावडर नाही. मी बघून न बघितल्यासारखी. आणि गुरुवार उजाडला की ही बाई पुन्हा पुढच्या बुधवारकडे डोळे लावून बसलेली.

मग एका तासाला तो म्हणाला, पुढच्या महिन्यापासून गौरी मॅडम शिकवतील, मला वेळ जमत नाही. भाविका नुसतं "बरं" म्हणाली. बांगड्या मागे सारल्या आणि नेत्राची बोटं पट्ट्यांवर नीट ठेवली. तो आठवडा तिने डाव्या हाताचंच वाजवलं, जणू उजव्या हाताचं दुसरं कुणी वाजवणार आहे.

शेवटच्या तासाला ती मध्येच उठली. पाणी पिऊन येते म्हणाली. नेत्रा तिच्या मागे पळाली. मी सूप बाजूला ठेवलं आणि तिच्या जागेवर जाऊन बसले.

"मास्तर, मी तिची सासू. वेळेचं कारण पोरीला सांग. माझ्या सुनेचं काय चुकलं ते मला सांग."

त्याचे हात नुसते पट्ट्यांवर पडून होते.

"त्यांचं काही नाही, आजी," तो म्हणाला. "त्यांच्या हातात हिरवा चुडा आहे. दुसऱ्याच्या घरात… मी इतकं मन गुंतवू नये."

मला हसूही आलं आणि रागही आला. बांगड्या बघून हा तिला सवाष्ण समजून बसला होता.

"नवरा हाय कुठं तिला? माझा पोरगा होता, गेला. बायका बांगड्या फोडायला आल्या, मी हात लावू दिला नाय. दर गणपतीला मी स्वतः तिला नवीन भरते. तुला एकदा विचारता नाय आलं?"

"कसं विचारणार, आजी?"

तेही खरं. असलं कुणी विचारत नाही.

मागे वळून बघते तर भाविका दारात. सगळं ऐकलेलं तोंडावर दिसत होतं. मी उठले. श्रीवर्धन काही जवळ नाही. ही गेली की नेत्रा जाणार, आणि घर मला खायला उठणार. उठता उठताच कळलं ते मला. पण ते माझं मी बघेन. हात धरून तिला बसवलं.

तिने बोटं पट्ट्यांवर ठेवली. मग म्हणाली, "सर… नेत्राला आता माझी गरज लागत नाही. कधीपासूनच. ती एकटी वाजवते. तरी मी बसते."

"माहीत आहे मला."

"मग बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर… तुम्ही उठून गेला असता, भाविका."

इतके दिवस नेत्राची आई. आज नाव घेतलं. भाविकाने मान खाली घातली, आणि पियानोच्या पट्टीवर टपकन पाणी पडलं.

मी मागूनच सांगितलं, रविवारी तुझ्या आईला घेऊन ये, आणि मासे खातोस की नाय ते आत्ताच सांग.

"शिकेन," तो म्हणाला.

नेत्राला उचलून मी ओटीवर आले आणि दार ओढून घेतलं. आतून काही वाजेल म्हणून कान देऊन बसले. बराच वेळ काहीच वाजलं नाही. नेत्रा सारखी विचारत होती, आई वाजवत का नाय. मी तिला मांडीवर घट्ट धरून ठेवलं.