उघडं झाकण

ऐन घाईच्या दिवशी जोडीदारीण रजेवर गेली, आणि प्रकाशनाच्या कोंदट खोलीत मुद्रितं तपासणारी ती एकटीच हात चोळत बसली. एकीनं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं छापील कागदाशी ताडून पाहायचं... एकटीनं जमणार कसं?

"मी वाचू?" दारातून आवाज आला. ज्यांच्या भयकथांचा संग्रह तपासायचा होता, ते लेखकच! मलपृष्ठाचा मजकूर द्यायला आले होते आणि आयतेच सापडले. ऑफिसात सगळे त्यांना 'भुतंवाले' म्हणत, अर्थात पाठीमागे.

ते वाचू लागले. "तिनं मागे वळून पाहिलं, पूर्णविराम. जिन्यात कुणीच नव्हतं, टिंब टिंब टिंब—"

ती खुदकन हसली. "माफ करा... पण असं वाचलं की भूत अंगावर येत नाही हो!"

"पोटावर पाय देताय माझ्या!" म्हणत तेही हसले.

एका दिवसाचे दहा दिवस झाले. जोडीदारीण परतली, तरी भुतंवाले यायचे थांबेनात. शर्टाच्या टोकानं चष्मा पुसायची त्यांची सवय हिला पाठ झाली. आपण प्रेमात पडलोय हे तिला लगेच कळलं. चुका शोधणं हाच तर तिचा धंदा.

अकराव्या, शेवटच्या कथेपाशी ती थबकली. "एक विचारू? तुमची सगळी भुतं डब्यांची झाकणं उघडी का टाकतात? तेच तेच होतंय."

त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"बायको टाकायची. रोज भांडायचो त्यावरून. तीन वर्षं झाली तिला जाऊन... आता रात्री मीच एक डबा उघडा ठेवतो. सकाळी वाटतं, येऊन गेली असेल."

त्या दिवशी पुढे वाचन झालं नाही.

आठवड्यानं त्यांनी शेवटचं मुद्रित आणून दिलं. 'त्यानं झाकण उघडंच ठेवलं' हे अखेरचं वाक्य लाल शाईनं खोडून वर लिहिलं होतं : 'त्यानं झाकण लावलं.'

"तुमच्यासाठी बदललंय," ते खालमानेनं म्हणाले. "कळतंय ना तुम्हाला...?"

कळत होतं. आनंदानं तिनं कागद जवळ ओढला. मग ती लाल रेघ नीट दिसली : थरथरलेली, मध्येच दोनदा थांबलेली.

"घरी लावलंत झाकण?"

"हात गेला होता... नाही जमलं."

तिनं खोडलेल्या वाक्याखाली ठिपके दिले आणि समासात लिहिलं, 'आहे तसं ठेवा.'

"पण मग आपण—"

"तुम्ही मला आवडता. फार आवडता. पण त्यांना घालवून जागा करू नका माझ्यासाठी. तुमच्याच्यानं होणार नाही ते, आणि मला बघवणार नाही."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग गेले. पुढे पुस्तक निघालं, तेव्हाही आले नाहीत.

पुस्तक घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "साखरेचा डबा कुणी उघडा टाकला गं? मुंग्याच मुंग्या झाल्यात!"

"मीच गं आई," ती म्हणाली, आणि तोंडावरून पांघरूण ओढून रडत राहिली.