छुपा रकाना

माणसाच्या शब्दावर आता कुणाचाच विश्वास उरला नव्हता. किडनी द्यायची असो की घ्यायची, दोघांनीही पडद्यावर फॉर्म भरायचा आणि पलीकडच्या सर्व्हरने मान डोलावली तरच पुढचं पाऊल. यशोधन कारखानीसचा आणि त्याला किडनी देणाऱ्या बहिणीचा, चित्राचा, असे दोघांचेही फॉर्म परत आले. कारण काही नाही, नुसतं 'अमान्य'.

डायलिसिसवर दिवस काढणाऱ्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला वेळ लागत नाही. चित्राने ऐनवेळी कच खाल्ली असणार. नवऱ्याने कान भरले असतील, दुसरं काय! तो तडक डॉ. निरुपमा सबनीसांकडे गेला. सर्व्हरवर फॉर्म वाचणारी संगणकाची स्क्रिप्ट त्यांनीच लिहिली होती.

"मॅडम, बहिणीने माझ्यासमोर 'होय' लिहिलंय. मग तुमच्या यंत्राने काय वाचलं?"

"फॉर्मातल्या प्रत्येक रकान्याला नाव असतं," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही बटण दाबलंत की नाव आणि उत्तर जोडीने सर्व्हरकडे जातं. स्क्रिप्ट एकेक नाव पुकारते आणि उत्तर घेते. शाळेतली हजेरीच समजा."

"एवढंच?"

"नाही. प्रत्येक उत्तरामागे आणखी एक रकाना असतो, तो तुम्हाला दिसत नाही. आम्ही त्याला 'कंपखूण' म्हणतो. लिहिताना बोट कसं थरथरलं, त्यावरून मनातलं उत्तर तिथे आपोआप भरलं जातं. दोघांच्याही फॉर्मात दोन्ही उत्तरं जुळली तरच मान्यता."

"म्हणजे चोरून वाचता! आणि तिची जुळली नाहीत, असंच ना?" त्याच्या आवाजात चक्क समाधान होतं.

डॉक्टरांनी पडदा त्याच्याकडे वळवला. चित्राची सगळी उत्तरं जुळत होती. खाली त्याचा स्वतःचा फॉर्म होता. 'बहिणीने आयत्या वेळी माघार घेतली, तर तुम्ही ती मनापासून मान्य कराल का?' लिहिलेलं उत्तर: होय. कंपखूण: नाही.

"ज्याला माघार चालणार नाही, तो दबाव आणणार, असं स्क्रिप्ट धरते. हे आम्ही फक्त तुम्हालाच सांगतो. बहिणीशी मोकळेपणी बोला. मन बदललं तर पुन्हा भरा."

यशोधनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो बाहेर आला, तोच चित्राचा फोन.

"दादा, काय म्हणाल्या रे त्या? माझ्यामुळे अडलंय का?"

फोनला छुपा रकाना नव्हता.

"हो गं. लिहिताना तुझा हात थरथरला म्हणे. मनातून तुझं 'नाही' आहे."



"असेल रे दादा," ती म्हणाली. "मला मात्र वाटत होतं, मी मनापासून देतेय."