भिकाजीचं सुतक

पुतण्या घरचाच, म्हणून काय वाढलेलं ताट लोटायचं? बुधवारी सत्यवतीने स्वतःच्या हाताने केलेलं बांगड्याचं तिखलं मंगेशने बाजूला सारलं. "पोट बरा नाय, काकी." नुसता डाळभात गिळून उठला. भावकीतल्या यशोदेने त्याचा वाटा चाटूनपुसून खाल्ला. सत्यवतीच्या डोक्यातून तो अपमान जाईना.

मोठा घाव नंतर बसला. वाडीच्या बायका मासळी सुकवायच्या त्या किनाऱ्यावर हॉटेलवाल्याने खांब पुरले. ग्रामसभेनेच म्हणे जागा दिली. पण वाडीचं एकही माणूस त्या सभेला नव्हतं!

सभा ठरली होती त्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी, देवळाच्या मंडपात. त्याच सकाळी मंगेश खबर घेऊन आला, भावकीतला भिकाजी मुंबईत वारला. अख्खी वाडी एका भावकीची. सुतकात देवळाची पायरी कोण चढणार?

सत्यवतीने पंचायतीत जाऊन ग्रामसेवक शंकरला धरलं.

"नियमानेच झालं, आजी. गणपूर्ती नाही, म्हणून सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. आले तेवढ्यांनी हात वर केले."

"तीसुद्धा आमच्या सुतकातच?"

"तारीख सरपंच ठरवतात."

"ह्यो नियम आमच्या वाडयेत कोणाक ठावक?"

"सदस्यांना. यशोदाताई आणि मंगेशराव."

घरी येऊन तिने भिकाजीच्या मुलीला, संचिताला फोन लावला.

"बापूस कधी गेलो गो?"

"सोमवारी, काकी. शेजाऱ्यांनी लगेच गावात कळवल्यानी."

"कोणाक?"

"माका शुद्ध नव्हती. पंचायतीच्या कोणा सदस्याक, इतक्याच आठवता."

सत्यवतीने फोन ठेवला आणि सगळ्या वाडीला अंगणात बोलावलं. मंगेश मागे उभा राहिला. तिने त्याला पुढे घेतलं.

"खबर सोमवारी इली. कोणीतरी ती दाबून धरल्यान आणि सभेच्या सकाळी सोडल्यान. सुतकात आमी देवळात जावचव नाय, गणपूर्ती होवची नाय, मगे तहकूब सभेत हॉटेलवाल्याची चार टाळकी पुरतली. ह्या डोक्या पंचायतीच्या सदस्याचाच."

"माझ्याकडे कित्याक बघतंस?" यशोदा फणकारली.

"गप गो. तू बुधवारी बांगडे वरपलंस. सुतक ठावक असलेली बाई मासळेक शिवता काय? शिवाक नाय तो ह्यो. वाडीक सुतक शुक्रवारी लागला, मंगेशा. तुका बुधवारीच कसा लागला?"

मंगेशची मान खाली गेली. "काकी... पोराक हॉटेलात कामाक घेतंव म्हणाले."

"आणि ह्या बायकांनी मासळी खंय सुकवूची? तुझ्या टकलार?"

कोणी हसलं नाही. खांब काही हलणार नव्हते.

"नियम तू मोडूक नाय, म्हणान तुका कोण धरूचो नाय," सत्यवती म्हणाली. "देवाक भियालंस, आमका नाय. आता आयक. मी मेल्यार खबर यशोदा सांगतली. तुझ्या हातात मी माझा मरणसुद्धा देवचंय नाय."