गोपीनाथची हजेरी

बस असा, कंदिलाजवळ. कॅम्पात नवा आहेस म्हणून सांगतो, सकाळी मी नावं पुकारली की आपल्यापुरतीच ओ द्यायची. दोस्ती गेली खड्ड्यात.

मी मूळचा गुहागरचा सुतार, इथला मुकादम. एक्क्याण्णवचा फेब्रुवारी सरत आला होता, युद्ध पेटलेलं, आणि आम्ही चाळीस जण इथे सौदीत, दम्मामबाहेर खंदक खणत होतो. कॅम्प बॉस मोहियुद्दीनने सगळ्यांचे पासपोर्ट कपाटात कोंडलेले. खंदक पुरा होईपर्यंत चाळीसच्या चाळीस राबवून दाखव, मग तुला आधी घरी सोडतो, असं त्याने मला सांगितलं. झालं, मी माणसं गुरांसारखी हाकली. आता लाज वाटते.

राजापूरचा गोपीनाथ तापाने फणफणला होता. "विशूदादा, आज नको रे... उठवत नाही," एवढंच म्हणाला. मी त्याला दंड धरून ओढला. दुपारी तो खंदकातच गेला.

मढं गाडीत घालून कुठे नेलं, मी विचारलं नाही. मोहियुद्दीनने बजावलं, हजेरीला कंपनीचा साहेब उभा असतो, त्याला चाळीस आवाज ऐकू आले पाहिजेत, नाहीतर पासपोर्ट विसर. कुवेतच्या जळत्या विहिरींचा धूर आमच्यावर आलेला. सकाळी आठ वाजताही शेजारच्याचं तोंड दिसत नव्हतं. मी गोपीनाथचं नाव पुकारलं, आणि त्याचा तो बारीक, नाकातला आवाज काढून मीच म्हणालो, "हाजिर."

तीन दिवस खपून गेलं. चौथ्या दिवशी यादीच्या शेवटी, रोजच्यासारखं, माझं नाव आलं. विश्वनाथ, म्हणून मीच पुकारलं. तोंड उघडायच्या आत धुरातून कुणीतरी म्हणालं, "हाजिर..."

आवाज माझा होता रे. ओल्या वाळूचा वास आला. रांगेतल्या एकानेही वळून पाहिलं नाही.

खंदक संपला, कपाट उघडलं, तर माझाच पासपोर्ट नाही. मोहियुद्दीन वैतागला. परवाच सही करून घेऊन गेलास ना, म्हणाला. वहीत सही माझीच होती.

तसाच दम्मामला धावलो. गावच्या पोस्टात फोन लावून, सौदीहून फोन आहे म्हणून बायकोला, किशोरीला, बोलावून घेतलं.

मी काही बोलायच्या आतच ती दबक्या आवाजात म्हणाली, "आमचे हे कालच आलेत सौदीहून. जेवायला बसलेत... आपण कोण?"

अगं, मी तुझा नवरा, असं ओरडून सांगायचं होतं मला. जीव तोडून बोलायला गेलो, आणि तोंडातून बारीक, नाकातला आवाज निघाला.

"वहिनी, मी गोपीनाथ..."