कुंच्यातली एक मुळी

सकाळी गल्लीत उभ्या सुताचा ताणा पसरला होता. खळ लावलेलं सूत उन्हात वाळत होतं, आणि वाळेपर्यंत आमच्या कोष्ट्यांच्या गल्लीत ते कोणी ओलांडायचं नसतं – मग साहेब येवो की बैल. तेवढ्यात एक फटफटी धूर सोडत सरळ आमच्याकडेच आली.

"थांबा नं भाऊ!" वच्छलावहिनी ओरडली. "डोळे घरी ठेवून आले का?"

तो थांबला. फटफटीही थांबली... आणि मग काही केल्या सुरूच होईना.

देवराव त्याचं नाव. आमच्यातलाच, हिंगण्याचा, पण बापाचा माग सोडून शहरातल्या सदर भागात एका गॅरेजात मोटारी दुरुस्त करायला लागलेला. फटफटी एका साहेबाची होती, जवळजवळ देवरावाच्याच वयाची. लढाई नुकती संपली होती, विलायतेहून सुटे भाग येत नव्हते. जे मोडलं, ते मोडलंच.

आमच्या ओट्यावर फडकं अंथरून त्याने कार्बोरेटर उघडला. बाळंतिणीच्या खोलीत माणसं जपून पाऊल टाकतात, तसे तो एकेक पितळी भाग खाली ठेवत होता. जेट नावाच्या एका तुकड्याला केसाएवढं भोक होतं, त्यात कचरा अडकला होता.

"सुई देऊ का?" मी विचारलं.

"नको, नको! पितळ नरम असते. सुईनं भोक मोठं झालं, का दुसरं जेट कुठून आणू?" त्याची नजर माझ्या हाताकडे गेली. खळ लावायचा कुंचा होता, बारीक मुळ्यांचा. "त्याच्यातली एक मुळी देता का?"

मी उपटून दिली. त्याने ती भोकातून हलकेच फिरवली, फुंकर मारली, एक डोळा मिटून उजेड पाहिला. फटफटी सुरू झाली. तरी ताणा वाळेपर्यंत तो उभाच राहिला.

मग तो पुन्हा आला. पुन्हा मुळी मागितली. नंतर पुन्हा...

"कोणत्या फटफटीत एवढा कचरा जाते वं?" वहिनी मला चिमटा काढायची.

मला काही समजेना. माझ्यासाठी येतो म्हणावं, तर बोलायचा फक्त जेटबद्दल. मुळीसाठी येतो म्हणावं, तर एकच का नेतो? आणि ती घेतल्यावरही ओट्यावरून लवकर का उठत नाही?

एकदा मी जुन्या कुंच्याचा अख्खा झुपकाच बांधून त्याच्या हातात दिला. वाटलं, बिचाऱ्याची खेप वाचेल.

"एवढ्या?" तो म्हणाला. तोंड एकदम उतरलं.

"आता वर्षभर पुरतीन तुम्हाले."

"हो... पुरतीन." आणि तो गेला. मग आलाच नाही.

मी सूत तोडायला लागले. गाठ एकीकडे, लक्ष दुसरीकडे. त्यातच उमरेडचे पाहुणे मला पाहून गेले. चांगली माणसं, घरचे माग. बाबा म्हणाले, "उद्या होकार कळवतो." मी मान हलवली... कशासाठी हलवली, तेही मला ठाऊक नव्हतं.

त्याच दुपारी वहिनीला सदरच्या दवाखान्यात जायचं होतं. निदान घरी तसं सांगितलं; टांगा थांबला तो देवरावाच्या गॅरेजसमोर.

देवराव फ्लोटला डाग देऊन त्याची भेग बुजवत होता. फ्लोट म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ पितळी डबा, पत्रा कागदासारखा पातळ.

"येणं काहून बंद केलं?" मी विचारलं.

"तुम्हीच तं झुपका देल्ला." तो फ्लोटकडेच पाहत होता. "मले वाटलं, आता येऊ नको म्हणून सांगून राहिल्या."

"मले वाटलं, तुम्हाले कमी पडून राहिल्या!"

वहिनी भिंतीकडे तोंड करून खोकली. हसू दाबत होती.

"उमरेडचे लोक येऊन गेले," मी म्हणाले. "बाबा उद्या हो म्हणणार आहेत."

खट्ट आवाज झाला. फ्लोट त्याच्या मुठीत चेपला होता. त्याने तो पाहिला, मला पाहिलं, फ्लोट टेबलावर ठेवला – आणि सायकल घेऊन निघूनच गेला.

"हा गेला कुठं?" मी विचारलं.

"मले काय माहीत वं! मले तं वाटलं, आता तो काहीतरी बोलीन."

गॅरेजचा मालक ईश्वरदास चेपलेला फ्लोट हातात घेऊन आमच्याकडे पाहत राहिला. आम्ही रडकुंडीला येऊन टांग्यात बसलो.

घरी आलो, तर देवराव बाबांसमोर बसलेला. हात काळे, मान खाली. बाबांचं तोंड गंभीर.

"हा पोरगा तुले मागून राहिला," बाबा म्हणाले. "माग सोडलेला माणूस. उद्या पोट भरीन का नाही, त्यालेच माहीत नाही. उमरेडले काय सांगू? तूच बोल."

बाबांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. देवरावाने वर पाहिलं... पहिल्यांदाच सरळ, डोळ्यांत.

"नाही म्हणून सांगा, बाबा."

बाबा उठले, पागोटं सारखं केलं.

"मंग त्याले हात धुवाले पाणी दे. तेलाच्या हातानं चहा पेईन का तो?"

मी आत पळाले. त्या घरात मी जन्मले होते, पण पाण्याचा रांजण कोणत्या कोपऱ्यात आहे, तेच मला आठवेना.